फेन्याच्या वाट्याचं सफरचंद

'खाण तशी माती' म्हणणाऱ्यानं सफरचंदाची बी कधी पेरून पाहिलेली नसते. गोडातल्या गोड फळाची बी पेरा, येईल ते आंबटढाण, नाहीतर बोराएवढं, नाहीतर नुसता काटेरी खराटा. त्यात आमच्या वेर्खनी लोगचा हिवाळा! जानेवारीत माणूस दाराबाहेर थुंकला तर जमिनीवर पडेपर्यंत थुंकीचा खडा होतो.

अशा गावात पंक्रात सावेलिच जन्मभर बियांपासून सफरचंदाची झाडं लावत बसला. गाव त्याला येडा म्हणे. मीही म्हणे. त्याच्या कुंपणाला लागूनच माझं घर, मग तेवढा हक्क नको का मला?

तसा माणूस कामाचा. चुली बांधणारा गवंडी होता. त्यानं बांधलेली चूल कधी धुरकटली म्हणून ऐकिवात नाही. पण खोड एकच. कुठे चांगलं सफरचंद खायला मिळालं की बिया थेट गालात, घरी पोचेपर्यंत. माझ्या मुलीच्या लग्नात अख्खा मांडव 'कडू! कडू!' म्हणून बोंबलतोय, नवरानवरीनं मुका घेतल्याशिवाय गप्प बसायचं नाही असा रिवाज, आणि हा बाबा गाल फुगवून ढिम्म! माझ्या व्याह्याला वाटलं, याला सोयरीक पसंत नाही. हातघाईवर आलं होतं प्रकरण.

बिया मग ओल्या वाळूत कालवायच्या, लुकेर्याच्या फाटक्या मोज्यात भरायच्या आणि न्हाणीघरामागे बर्फाखाली पुरायच्या. लुकेर्या म्हणजे त्याची बायको. "थंडी खाल्ल्याशिवाय बी जागी होत नाही, ग्लाफिरा," असं मला सांगायचा. बर्फ वितळलं की बियांना पांढरी टोकं फुटलेली असायची. रोपं वर आली की काटेरी, बारीक पानांची उपटून टाकायची, कारण ती जंगली निघणार. उरलेल्यांपैकी काही ससे सोलत, काही थंडीनं काळी पडत.

"अरे, बाजारातून कलमं का नाही आणत?" मी एकदा विचारलं.

"आणली होती की. दक्षिणेतली लाडावलेली पोरं ती. पहिल्याच हिवाळ्यात मान टाकली. इथे जन्मलेलंच इथे टिकायचं."

शेवटी एक टिकलं. रुंद पान, काट्याचं नाव नाही. कुंपणाहून उंच झालं, पण फुलायचं नाव घेईना. वर्षं गेली. सशांनी साल खाऊ नये म्हणून हा दर हिवाळ्यात त्याच्या बुंध्याला बायकोचे लोकरी मोजे गुंडाळायचा आणि लुकेर्या अंगणात उभी राहून ठणाणा करायची, "झाड मोज्यात आणि मी अनवाणी! वांझोटं मेलं! त्या जागी जोर्काला गोठा बांधून दे म्हणते तर ऐकू येत नाही." जोर्का तिची शेळी. खोटं कशाला बोलू, मी लुकेर्याच्याच बाजूची होते.

मग एका शरद ऋतूत तो माझी चूल दुरुस्त करायला आला. मी त्याला जरा जास्तच पाजली आणि तो बोलून गेला.

त्यांची एक मुलगी होती, फेन्या. अंगणातल्या रानटी झाडाची कच्ची, हिरवी सफरचंदं तोंड वाकडं करकरून खाणारी. घटसर्पानं गेली, चार वर्षांची. मुलगे पुढे झाले, शिकले, शहरात गेले. पण लुकेर्यानं एक नेम कधी मोडला नाही. ज्या आईचं लेकरू गेलंय तिनं ऑगस्टातल्या सफरचंदांच्या सणापर्यंत सफरचंद तोंडात घालायचं नाही. घातलं तर तिकडे वर पोरांना फळं वाटताना तिच्या पोराला सांगतात, तुझं तुझ्या आईनं खाल्लं. आमच्याकडे पिकतात ती रानटी सफरचंदं, तीही सप्टेंबरात. म्हणून सणाला लुकेर्या देवळात पवित्र करून पोरीच्या कबरीवर ठेवायला दुकानातली न्यायची. एका सणाला देवळातून परतताना ती म्हणाली होती, "गेल्या सालचं, मेण फासलेलं फळ हे. पोरगी तिकडे हात पुढे करत असेल आणि मी तिला शिळं पाठवते."

"तेव्हा मी काही बोललो नाही," पंक्रात म्हणाला. "पण दुसऱ्या दिवसापासून बिया जमवायला लागलो. सणाला पिकेल असं एक झाड आपल्या अंगणात हवं, बस. लुशाला सांगू नकोस." लुकेर्याला तो लुशा म्हणायचा.

मी सांगितलं नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं गाव म्हणतं, पण ते मी पोटात ठेवलं. तेव्हापासून मात्र मी त्या झाडाकडे रोज बघायला लागले.

आता कुऱ्हाडीचं. फळ न धरणाऱ्या झाडाला नाताळच्या आदल्या संध्याकाळी धाक घालायची आमच्याकडे रीत आहे. घरधनी कुऱ्हाड उगारून विचारतो, "कापू का?" बायको म्हणते, "नको, पुढच्या साली धरेल." लुकेर्या कुठली येतेय! मग पंक्रात दोन्ही कामं एकटाच करायचा. जाड आवाजात विचारायचा, बारीक आवाजात उत्तर द्यायचा. कुंपणाआडून बघताना हसून हसून माझी पुरेवाट व्हायची.

त्या नाताळात त्याचा हात गळ्यात बांधलेला होता. छपरावरचं बर्फ ओढताना पडला होता. मी गव्हा-मधाच्या खिरीचा वाडगा घेऊन त्यांच्याकडे निघाले, तर अंगणात कुऱ्हाड हातात लुकेर्याच्या! आणि ती चेष्टा करत नव्हती.

"कापू का?" ती ओरडली. "विचारते एकदाच. मग तोडणार!"

पंक्रातनं बारीक आवाज काढायचा प्रयत्न केला. निघेना. मग स्वतःच्याच आवाजात म्हणाला, "नको, लुशा. फेन्याच्या वाट्याचं आहे ते."

मी वाडगा घेऊन तशीच उभी. लुकेर्या त्याच्याकडे बघत राहिली. सण, दुकानातली सफरचंदं, गालातल्या बिया, मोजे, सगळं तिच्या ध्यानात येताना मला तिच्या तोंडावर दिसत होतं. कुऱ्हाड बर्फात पडली.

"मेल्या म्हाताऱ्या! इतकी वर्षं बोलला का नाहीस रे?"

"बोललो असतो आणि झाड धरलं नसतं तर? तू वाट बघत बसली असतीस."

ती पुढे झाली. मला वाटलं आता देते एक ठेवून. तिनं पायातले मोजे काढले, तिथल्या तिथे, बर्फात, आणि बुंध्याला गुंडाळले. "आता मी सांगते," झाडाला म्हणाली, "पुढच्या साली धरेल. मी जामीन." अनवाणी घरात गेली आणि आठवडाभर खोकत बसली.

पुढच्या साली झाड फुललं! मी सांगत नाही की कुऱ्हाडीमुळे. त्याचं वय झालं होतं, एवढंच. पण फुलं उमलली आणि थंडी परत उलटली. पहाटे लुकेर्यानं माझं दार बडवलं, "ग्लाफिरा, ओला पेंढा आण, जामीन राहिलेय मी!" तिघांनी झाडाभोवती धूर केला, डोळे चुरचुरेपर्यंत. तरी बरीचशी फुलं काळी पडली. चार-पाच फळं काय ती धरली.

जुलैत हिरवी. ऑगस्ट लागला तरी हिरवीच. लुकेर्या दिवसातून दहादा झाडाखाली जाऊन यायची. सणाच्या सकाळी तिघं झाडाखाली उभे राहिलो. पंक्रात म्हणाला, "ओढू नकोस. तळव्यावर घे आणि जरासं वर उचल. पिकलं असेल तर आपणहून सुटेल." तिनं हात पुढे केला. फळ तळव्यावर घेतलं, जरासं वर उचललं.

"सुटलं," ती हळूच म्हणाली.

देवळात फळं पवित्र करून घेतली आणि तशीच कबरस्तानात गेलो. त्यातल्या त्यात रंग चढलेलं फळ लुकेर्यानं फेन्याच्या मातीवर ठेवलं, दुसरं कापून अर्धं पंक्रातला दिलं, अर्धं स्वतः घेतलं. बिया तपकिरी झालेल्या होत्या, म्हणजे फळ पिकलेलं.

"कसंय?" पंक्रातनं विचारलं. घाबरलाच होता तो.

तिनं चावलं. तोंड वाकडं केलं. "आंबट आहे रे," ती म्हणाली. मग तिला हसू फुटलं. "तिला आंबटच आवडायचं."

परतताना अख्खी वाट ती एक शब्द बोलली नाही. मला काही राहवेना. "अगं लुकेर्या, रडतेस का हसतेस, सांगशील तरी?"

तिनं नुसतं बोटानं गालाकडे दाखवलं. गालात बिया होत्या.