हाताला भिणारी पाखरं

निरोप आणला तो एसटीच्या कंडक्टरनं. आमचे हे रोज सकाळी दौंडच्या स्टँडवर पेपर आणायला जातात. रेल्वेची नोकरी संपली तरी पायांची सवय संपलेली नाही. न्हावऱ्याकडून आलेली गाडी थांबली आणि कंडक्टरनं खाली उतरून ह्यांना गाठलं. "काका, तुमच्या आक्का गेल्या. माती दुपारला हाय. तुमच्यासाठी थांबल्यात." हे घरी आले, पेपर घडीचा तसाच कोनाड्यात ठेवला आणि म्हणाले, "चल." कुठं, कशाला, काही नाही. मी तोंडाकडं बघितलं आणि समजले. मागच्याच आठवड्यात तर भेटून आलो होतो...

आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण भागीरथी, माझ्या नणंदबाई. मी त्यांना वन्सं म्हणायची. त्या मला वैनी म्हणायच्या, पण ते म्हणताना आधी एक चिमटा आणि मग माया, असा क्रम असायचा. त्यांचं गाव शिरूर तालुक्यातलं. न्हावऱ्याला उतरून पुढं बरंच चालावं लागतं. गावाचं नाव मी लिहिणार नाही, आणि का लिहिणार नाही ते पुढं कळेलच. मी काही शिकलेली बाई नाही. भांडगावला माझ्या माहेरी पोरींच्या हातात पाटी देत नसत. लग्न होऊन रेल्वेच्या चाळीत आल्यावर पोरांच्या पाटीवर पोरांबरोबरच अक्षरं गिरवली. तेव्हा जशी बोलते तसंच लिहिणार. गोड मानून घ्या.

वन्संचं घर गावाबाहेर, वस्तीवर. घराला लागून खळं, खळ्यापलीकडं ओढा आणि ओढ्याच्या दोन्ही अंगांना चिंचेचं जुनं बन. त्या बनात मोर. किती ते कुणी मोजले नाहीत, पण संध्याकाळी झाडावर बसायला निघाले की फांद्या वाकायच्या. त्या गावची एक रीत होती. मळणी झाली, रास घरात आली, की खळं सगळं झाडायचं, पण बनाकडची कड झाडायची नाही. तिथं पडलेली ज्वारी पाखरांची. वन्संच्या सासूनं त्यांना लग्नात काय दिलं, तर म्हणे ही कड दाखवली आणि सांगितलं, "हितं केरसुनी लावायची न्हाई."

आणि मग आला बहात्तरचा दुष्काळ. सांगायला नको, ज्यांनी काढला त्यांना ठाऊक आहे. पीकच नाही तर मळणी कुठली, आणि मळणी नाही तर खळ्याची कड कुठली? ओढा आटला. वन्सं आणि दाजी, म्हणजे त्यांचे मालक, दोघंही सरकारी कामावर खडी फोडायला जायचे. रेशनवर लाल मिलो मिळायची, ती परदेशातून आलेली ज्वारी, तिच्या भाकरी घशाखाली उतरायच्या नाहीत. असल्या दिवसांत एका दुपारी एक लांडोर वन्संच्या अंगणात आली आणि रिकाम्या उखळात चोच घालून उभी राहिली. वन्सं म्हणायच्या, "वैनी, ती वरडली न्हाई, पळाली न्हाई. नुसती उखळात बघत हुती. मला सासूची आठवन झाली."

तेव्हापासून सुरू झालं. कामावरून आल्या की वन्सं अंगणात मांडी घालून बसायच्या. हात भुईला टेकवलेला, तळव्यावर चिमूटभर मिलो, आणि बघायचं भलतीकडंच. "त्याच्या डोळ्यात बघितलं ना, की त्याला वाटतं हीच आपल्याला खातीया." कितीतरी दिवस नुसत्या बसल्या. आधी ती लांडोर आली, मग तिच्यामागं दुसऱ्या, आणि सगळ्यात शेवटी मोर, तेही पिसारा सावरत, पाहुण्यासारखे. दाजी उंबऱ्यावर बसून म्हणायचे, "एवढ्या मायेनं मला कधी वाढलं न्हाईस." वन्सं मान न वळवता म्हणायच्या, "तुमी नाचून दावा, वाढते."

आम्ही तेव्हा दर दोन-तीन रविवारी जायचो. दौंडहून थोडी ज्वारी, थोडे तांदळाचे कण पिशवीत घालून न्यायची. माझी नात सुमी तेव्हा चारेक वर्षांची, तिला मोरांचं वेड लागलं होतं. वन्संनी तिला मांडीत घेतलं, तिचा हात आपल्या हातात धरून भुईला लावला, आणि मोरानं ती निळी मान लांबवून तिच्या तळव्यावरचा एकेक दाणा उचलला. मी पण हात पुढं केला. चोच लागते ती कशी सांगू... कढईतली लाही उडून हातावर पडावी, तशी. चटका म्हणावा तर नाही, आणि कळल्याशिवाय राहत नाही. हे सहसा बोलणारे नाहीत, पण त्या दिवशी गाडीत बसल्यावर म्हणाले, "आक्काला लहानपणी कोंबडं सुद्धा धरता येत नव्हतं."

बातमी पसरली. रेल्वेच्या चाळीतल्या बायका आल्या, शिरूरहून मास्तर लोक पोरं घेऊन आले. वन्संचा एकच नियम, येताना मूठभर दाणे आणायचे. सगळ्यांना त्या ओळीनं बसवायच्या, हात कसा ठेवायचा ते शिकवायच्या. गावात बोलणारेही होते. माणसांना खायला नाही आणि ही पाखरं पोसतीया, असं पाणवठ्यावर ऐकू यायचं. ते वन्संना लागत नसे. पण तुका आबा म्हणून एक म्हातारे होते, जन्मभर गुरं राखलेले, ते एकदा काठी टेकत आले आणि म्हणाले, "भागे, चारतीस ते चार. पर हाताची सवं लावू नगंस. टाक खळ्यात आन् हो बाजूला. तुजा हात कंचा आन् दुसऱ्याचा कंचा, त्यास्नी काय कळतंय?"

"आबा, पोटात दाना न्हाई त्यांच्या. भ्या खाऊन जगत्यात व्हय?"

"भ्यानंच जगत्यात, पोरी."

वन्सं हसल्या. मी तिथंच होते, मीही हसले. खरं सांगायचं तर त्या वर्षी वन्सं जिंकत होत्या. आजूबाजूला जनावरं मरत होती आणि त्या बनातले मोर उभे होते.

उन्हाळ्याच्या तोंडाला दोन माणसं मोटारसायकलवरून आली. कपडे चांगले, बोलणं चांगलं. मोर बघायला आलोय म्हणाले. वन्संनी गुळाचा चहा दिला. एकानं विचारलं, "आम्ही परके. आमच्या हातावर येतील?" वन्सं म्हणाल्या, "माज्या अंगनात आलेला परका नसतो." त्याचा हात उंच राहत होता, म्हणून वन्संनी त्याचं मनगट धरून खाली भुईला लावलं. आसा. हलवू नका. मोर आला, दाणे खाल्ले. दोघांनी कौतुक केलं, वन्संच्या पाया पडले आणि गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते झालं. सगळं गाव कामावर गेलेलं, वस्तीवर कुणी नाही. दुपारी वन्सं परत आल्या तर खळ्यावर पिसं पडलेली. गहू सांडलेले. त्या दुष्काळात पाखरांपुढं गहू टाकील असा माणूस आमच्या पंचक्रोशीत नव्हता. धुळीत मोटारसायकलच्या चाकाची खूण. ते तेच दोघं होते का, देवाला ठाऊक. कुणी पाहिलं नाही, कुणी कधी सापडलं नाही. पण वन्संना ज्यानं मारलं ते वेगळंच होतं. खळ्यावर पळापळीची खूण नव्हती. धुळीत मोरांची पावलं बनाकडून सरळ चालत आलेली, पंगतीला बोलावल्यासारखी... आणि तिथंच संपलेली.

तुका आबा आले, खळ्याच्या कडेला उभे राहिले. काही बोलले नाहीत. "मी सांगितलं व्हतं" एवढं सुद्धा नाही. तसंच काठी टेकत गेले. वन्सं मला म्हणाल्या होत्या, "बोलला आसता तर बरं झालं आसतं."

आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उरलेले मोर नेहमीसारखे अंगणात आले. वन्संच्या हाताकडं बघत उभे राहिले.

त्यांनी आत जाऊन दाजींची गोफण आणली. ज्वारी राखायला माळ्यावरून पाखरं हाणतात ती. वन्संनी जन्मात गोफण हातात धरली नव्हती. नेम लागेना, मग ती टाकून हातानंच ढेकळं मारायला लागल्या. तर काय व्हावं? ढेकूळ पडून फुटलं, की मोर त्याच्याकडंच धावायचे. त्यांना वाटायचं, बाईनं दाणेच टाकले. दाजींनी मला हे नंतर सांगितलं. "येक ढेकूळ मारायची आन् ते टिपायला यायचं. मग तिनं मोठं उचाललं."

आम्ही गेलो तेव्हा हे काहीच ठाऊक नव्हतं. सुमी अंगणात शिरली आणि सवयीनं खाली बसून तिनं हात उघडला. बनातून एक लांडोर दोन पावलं पुढं आली. वन्सं घरातून वाऱ्यासारख्या आल्या आणि पोरीच्या हातावर फाडकन मारलं. "मीट हात! मीट म्हन्ते ना!" पोर रडायला लागली. मी चिडून म्हणाले, "वन्सं, याड लागलं का तुमाला?" त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. वाकून ढेकूळ उचललं आणि त्या लांडोरीला मारलं. पंखावर बसलं. ती पळाली नाही. मान तिरकी करून उभी राहिली, आपलं काय चुकलं असं विचारल्यासारखी. वन्संनी दुसरं मारलं. रडत होत्या आणि मारत होत्या. मग मात्र ती उडाली. वन्सं तिथंच भुईवर बसल्या, सुमीला जवळ ओढली, तिचा लाल झालेला हात आपल्या गालाला लावला आणि मला म्हणाल्या, "मनगाट मी धरलं व्हतं वैनी त्याचं. आसा ठेव म्हनून मी शिकवलं."

पुढं पाऊसपाणी झालं, शेतं पिकली, खळी भरली. कड पुन्हा न झाडता ठेवू लागले. मोर वाढले. पण माणूस दिसला की बनात खोलवर जायचे, आणि सगळ्यांत लांब जायचे ते वन्संना बघून. वन्सं रोज काही ना काही निमित्तानं बनाच्या तोंडाशी जायच्या आणि एखादा मोर जवळ दिसला की ढेकूळ भिरकावायच्या. पीक राखतात तशी त्यांनी ती भीती राखली. कुणी शहरातला मोर विचारत आला तर सांगायच्या, "मोर कवाच गेलं. दुष्काळातच." एवढं धडधडीत खोटं बोलणारी ती बाई एरवी एकादशीला चुकून दाणा खाल्ला तरी चारचौघांत सांगायची. आमच्याकडूनही त्यांनी शब्द घेतला होता, गावाचं नाव सांगायचं नाही. म्हणून मी ते लिहिलं नाही.

शेवटच्या भेटीत त्या बाजेवर पडून होत्या. अंगात काही उरलं नव्हतं. मी भाताची पेज भरवत होते. बनातून मोर ओरडला. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "मला बघून उडत्यात, ते बराबर हाय. आसंच पायजे." मग डोळे मिटले. मला वाटलं डोळा लागला. तर म्हणाल्या, "पर येखादा तरी थांबंल, आसं अजून वाटतं वैनी... थांबू नये. पर वाटतं."

दहाव्याला आम्ही ओढ्यावर गेलो. सकाळची वेळ, वैशाखाचं ऊन तापायला लागलेलं. पिंड मांडला, मंडळी मागं सरकून बसली. कावळे समोरच्या बाभळीवर होते, पण खाली येईनात. नेहमीप्रमाणं एकेकजण उठून बोलू लागला. वन्संच्या लेकानं शब्द दिला, आईची गाय विकणार नाही. आमचे हे म्हणाले, दाजींना मी एकटं पडू देणार नाही. कावळा हलेना. आणि तेवढ्यात चिंचेच्या सावलीतून एक लांडोर बाहेर आली. म्हातारी दिसत होती, चालताना डावा पंख जरा ओघळलेला. माणसं बसली आहेत हे तिला दिसत होतं, तरी एकेक पाऊल टाकत ती पिंडाकडं येऊ लागली. बायकांनी हात जोडले. कोणीतरी पुटपुटलं, "भागूची लांडोर... आली बघा, तिच्यासाठी आली." माझ्या डोळ्यांना धार लागली. त्या बाजेवरचे शब्द मलाच ठाऊक आहेत असं मी समजत होते. मी मनात म्हणाले, थांबली हो वन्सं, एक थांबली.

दाजी उठले. त्यांना ऊठबस होत नाही, गुडघ्यावर हात देऊन उठले. वाकले, ओढ्याच्या काठचं एक ढेकूळ उचललं आणि त्या लांडोरीला मारलं.

ते तिच्या पायाशी फुटलं. ती दचकून उडाली आणि बनात गेली. मंडळी थक्क. पुढं बसलेले एक भावकीतले तावातावानं म्हणाले, "आरं, काय केलंस हे? तिची विच्छा व्हती ती!"

"ठावं हाय," दाजी म्हणाले. "मला न्हाई तर कुनाला? सात वरसं तिनं हानलं. आज मी हानलं." आणि खाली बसले. हाताची माती त्यांनी धोतराला पुसली नाही.

कावळा नंतर शिवला. तो कशावर शिवला ते मी काय सांगू?

आम्ही त्या रात्री तिथंच राहिलो. दिवेलागणीला दाजी ओट्यावर बसले होते, मी कंदिलाची काच पुसत होते. बनातून ओरडणं आलं, एक, मग दुसरं. दाजी कान देऊन ऐकत होते. मला म्हणाले, "रोज या टायमाला ती चुलीपासनं इचारायची, लांबनं आला न्हवं आवाज? तिला ऐकू कमी यायला लागलं व्हतं. मग मी सांगायचो."

घरात चूल पेटलेली नव्हती. मी काच कंदिलाला बसवली. पुन्हा एकदा मोर ओरडला, ओढ्याच्या पार पलीकडून. दाजींनी मान मागं वळवली आणि त्या अंधाऱ्या दाराकडं बघून, जरा मोठ्यानं, बहिऱ्या माणसाला सांगावं तसं म्हणाले, "लांब हायेत गं."