आबांच्या लग्नाचा बस्ता

आधी चहा घ्या. मी जे सांगणार आहे ते रिकाम्या पोटी ऐकलंत तर तुम्हाला माझी कीव येईल, आणि मला कीव नकोय. चार शिव्या घातल्यात तर चालतील. मी स्वतःला रोज घालतेच!

कामशेतच्या बाजारपेठेत आमचं साड्यांचं दुकान आहे. सासऱ्यांनी काढलेलं, आता मी चालवते. नवऱ्याला साडी आणि सतरंजी यातला फरक कळत नाही, म्हणून मी चालवते. माहेर तळेगावचं, वडील शाळामास्तर, मी बीकॉम. म्हणजे अडाणीपणाची सोय नाही. जे काही केलं ते शिकून सवरून केलं.

तर झालं काय, लोणावळ्याला एका रिसॉर्टवर व्यापाऱ्यांसाठी शिबिर होतं. फी भरून गेले. स्टेजवर एक गोरागोमटा तरुण, गालाला माइक चिकटवलेला, उगाच इकडून तिकडे फेऱ्या मारत होता. म्हणे, "गिऱ्हाइकाचा डेटा म्हणजे नवं तेल!" आयुष्यात कधी पाव मीटर अस्तर फाडून विकलं नसेल, आणि आम्हाला धंदा शिकवतोय! माझ्या शेजारचा चिक्कीवाला तर चक्क घोरत होता. तो खरा शहाणा.

मी मात्र वही भरून लिहून घेत होते. गिऱ्हाइकाचं नाव घ्या, नंबर घ्या, वाढदिवस घ्या, आवडनिवड घ्या. घ्या, घ्या, घ्या! सगळं घेतलं. शेवटी तो म्हणाला, "आता सर्वांत महत्त्वाचं पान." नेमकी तेव्हाच बाहेर कॉर्न भजी तळायला घेतली होती. वास आला. आता तुम्हीच सांगा, लोणावळ्यात बसून पान बघायचं की भजी खायची? मी उठले. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसऱ्या दिवशी कार्डं छापायला टाकली. नाव, गाव, मोबाइल, जन्मतारीख, लग्नाची तारीख. वर्षभर कार्ड भरून डब्यात टाका, पुढच्या गुढीपाडव्याला सोडत, बक्षीस मिक्सर!

आमच्याकडे दत्तूभाऊ आहेत. सासऱ्यांच्या वेळेपासूनचे सेल्समन. साठी उलटली, गादीवर मांडी घालून बसले की अख्खं मावळ त्यांच्या पुढ्यात येऊन बसतं. कार्ड हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "वैनी, ह्ये कशापायी इच्यारायचं? लोकं साडी घ्याया येत्यात, जबानी द्याया न्हाई."

"भाऊ, हा डेटा आहे. धंदा वाढतो याने."

"कुनाच्या घरात काय हाय ते मला समदं म्हाईत हाय."

"मग सांगा ना, कॉम्प्युटरमध्ये घालते!"

दत्तूभाऊंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी दुकानातला गणपती विकायला काढला होता. मग घडी मोडलेल्या साड्या नीट करायला लागले.

मी म्हटलं, राहू दे. जुनी माणसं, अकलेला वाळवी लागलेली. त्यांची फॉल-पिकोची वही तेवढी मी घरी नेली आणि कोणाच्या साडीला कधी फॉल लावला, कोणाकडे दिली, तेही सगळं कॉम्प्युटरमध्ये घातलं. वर पासवर्ड टाकला. आठ अक्षरी! काय तो रुबाब माझा!

मिक्सर पाडव्याला एकीला लागला. कार्डांचं काम तिथे संपलं होतं. शहाण्या बाईने कार्डं फाडून टाकली असती. पण मी शहाणी नाही, दीडशहाणी. मी ती घेऊन वाढदिवस बघायला बसले, तर काय? एक जून. एक जून. एक जून! डबाभर माणसं एका दिवशी जन्मलेली. मी दत्तूभाऊंवर ओरडले, "भाऊ, कार्डं तुम्ही एकटाकी बसून भरलीत की काय?"

"न्हाई वो. मास्तरानं लावलेली तारीक हाय ती. शाळंत घालताना आईबापाला तारीक ठावी नसायची, मंग मास्तर एक जून लावायचे."

म्हणजे माझ्या मास्तर वडिलांनी, अण्णांनीही हेच केलं असणार. निम्मं मावळ एका दिवशी जन्माला घालून मोकळे!

वाढदिवस गेले. राहिली लग्नाची तारीख. आता मला हवा होता लग्नाचा वाढदिवस. पण कार्डावर मी छापलं काय, तर नुसतं 'लग्नाची तारीख'. कोणी तारीख आणि साल लिहिलं होतं, कोणी नुसती तारीख. आणि बऱ्याच जणांनी लिहिलं होतं, 'अक्षय तृतीया'. बस्स! साल नाही.

इथे माझं बीकॉम जागं झालं. मी म्हटलं, साल नाही त्या अर्थी लग्न व्हायचंय! आणि अक्षय तृतीयेचा मुहूर्त म्हणजे काय, गल्लोगल्ली मांडव. ही सगळी लग्नघरं! म्हणजे बस्ता! अहो, एका लग्नाचा बस्ता बांधायचा म्हणजे नवरीच्या शालूपासून मावळणीच्या साडीपर्यंत सगळं आलं. मी ताबडतोब मेसेज तयार केला. 'प्रिय' पुढे नाव कॉम्प्युटर आपोआप टाकतो. 'येत्या अक्षय तृतीयेला होणाऱ्या आपल्या शुभविवाहास हार्दिक शुभेच्छा! बस्ता आमच्याकडेच बांधा. वधू-वरांना खास सवलत!'

दाबलं बटण. गेले सगळ्यांना.

तासाभरात फोन वाजायला लागले. एका अंगणवाडीच्या बाईंनी विचारलं, "ताई, माझं परत लावताय का? मग या वेळी नवरा मी निवडणार." एका मुख्याध्यापकांनी मेसेजमधल्या शुद्धलेखनाच्या चुका दाखवून तो तपासून परत पाठवला. मी मनात म्हटलं, लोकांना विनोदबुद्धी नाही.

दुसऱ्या दिवशी मोटरसायकलवरून दोघे भाऊ उतरले. तिकोणा पेठेचे. थोरला बाळू, धाकटा संपत. बाळूने फोन माझ्या नाकासमोर धरला.

"ह्यो मेसेज तुमीच धाडला न्हवं?"

मी आनंदाने उभीच राहिले. "हो, आम्हीच! अभिनंदन! मुलीकडचे कुठले?"

"त्येच इच्यारायला आलोय," बाळू दात खात म्हणाला. "नाव वाचा. ज्ञानोबा. आमचा बा हाय त्यो. आईला जाऊन तीन वर्सं झाली. आन आता म्हातारा लगीन करतोय व्हय?"

ज्ञानोबांकडे, म्हणजे आबांकडे, फोन नाही, म्हणून कार्डावर थोरल्याचा नंबर होता. आता सरळमार्गी बाई काय म्हणाली असती? 'चूक झाली असेल, बघते.' एवढं म्हणाली असती की नाही? पण मी रविवारच्या पुरवण्या वाचते ना! माझ्यातली समाजसुधारक जागी झाली.

"मग त्यात लाजायचं काय?" मी म्हटलं. "उतारवयात सोबत लागते माणसाला. मुलांनी समजून घ्यायला हवं!"

मागे दत्तूभाऊंना जोराचा ठसका लागला. मला वाटलं, तपकीर.

"सोबत?" संपत किंचाळला. "धरनाच्या कडंची जिमीन हाय आमची! समोर बंगलेवालं टपून बसल्यात. नवी बाई आली की सातबाऱ्यावर चढंल! कोन हाय ती?"

बघा हं. बापाचं लग्न ऐकून यांना बाप आठवला नाही, सातबारा आठवला! असली लेकरं. मला संताप आला. म्हटलं, आबांची बाजू आपण घ्यायचीच. मी कॉम्प्युटर पुढे ओढला.

"वैनी," दत्तूभाऊ म्हणाले, "त्ये ऱ्हाऊ द्या."

"राहू कसं द्या? थांबा, माझ्याकडे सगळं आहे!" मी पासवर्ड टाकला. आठच्या आठ अक्षरं. "हे बघा. ज्ञानोबा, तिकोणा पेठ. मागच्या अक्षय तृतीयेला हिरवी इरकल. फॉल लावून कुसुमकडे देणे. नवलाख उंबरे."

दोघे भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं, माझ्या कामाने थक्क झालेत. मी आणखी वर गेले.

"त्याच्या आदल्या वर्षीही कुसुम! आणि त्याच्याही आधी कुसुम! बघा, तीन वर्षांपासून चाललंय त्यांचं. एवढं जपलंय म्हणजे बाई चांगलीच असणार!"

बाळू हळू आवाजात म्हणाला, "कुसुम आमची भन हाय."

मला सांगा, त्या क्षणी जमीन दुभंगून माणसाला पोटात का घेत नाही? सीतेलाच का तेवढी सवलत?

मग कळलं ते असं. कुसुम या दोघांची थोरली बहीण. नवलाख उंबऱ्याला दिलेली, तिथल्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. आई गेल्यावर भावांनी हक्कसोडपत्र पुढे केलं, ती म्हणाली सही करणार नाही. झालं! तिचं माहेर बंद. दारात यायचं नाही, आबांनी तिच्याशी बोलायचं नाही. सोन्यासारखी जमीन आणि मनं ही असली.

आबा वर्षातून एकदा, स्वतःच्या लग्नाच्या दिवशी, कामशेतला यायचे. बायकोच्या नावाने एक साडी घ्यायचे, ती लेकीला द्यायचे. लेक आमच्या दुकानात यायची. अक्षय तृतीयेच्या गर्दीत कोण कोणाकडे बघतंय? गादीच्या कोपऱ्यात बापलेक तासभर बसायची, दत्तूभाऊ चहा मागवायचे. मी गल्ल्यावर, मला मान वर करायला फुरसत नाही. तीन वर्षं दत्तूभाऊंनी एका माणसाला सांगितलं नाही. आणि मी? मी ज्यांच्यापासून लपवायचं त्यांनाच तारीखवार वाचून दाखवलं! खणखणीत आवाजात!

भाऊ निघून गेले. जाताना संपत बाळूला म्हणत होता, "तरीच म्हातारा आखितीला देवदर्शनाला जायचा!"

मी दत्तूभाऊंवरच उखडले. "तुम्हाला माहीत होतं, तर मला आधी सांगायचं नाही का?"

"तुमाला?" ते म्हणाले. "वैनी, तुमच्या तोंडात तीळ भिजत न्हाई."

कॉम्प्युटरला आठ अक्षरांचं कुलूप आणि तोंडाला साधी कडीसुद्धा नाही!

दोन दिवसांनी आबा आले. धोतर, टोपी, हातात काठी. मी गल्ल्यावरून खाली उतरले.

"सूनबाई," आबा गादीवर टेकत म्हणाले, "माज्या लग्नाची बातमी समद्यात श्येवटी मला कळली. गावात पोरं नवरदेव म्हनत्यात. एकानं तर इच्यारलं, हळद कवा हाय."

मला हसू येईना, रडू येईना. "आबा, चुकलं माझं. पाया पडते."

"त्येचं काय न्हाई. हसत्यात, हसू द्या. पर वर्सातला एक दिस माजा आन लेकीचा व्हता. तुमी त्यो चव्हाट्यावर नेला. म्या तुमाला त्यासाटी सांगितलं व्हतं का?"

खरंच सांगितलं नव्हतं. मिक्सरसाठी सांगितलं होतं.

"माजं कार्ड द्या," आबा म्हणाले.

मी डब्यातून शोधून दिलं. त्यांनी ते चार तुकडे करून कोपरीच्या खिशात घातलं. मग काठी कॉम्प्युटरकडे रोखली. "आन ह्यातनं बी काढा."

मी त्यांच्यासमोर काढलं. तर ते यंत्र मला विचारतंय, 'नक्की पुसायचं?' बघा, पुसताना दोनदा विचारतं. पाठवताना एकदा विचारायला काय धाड भरली होती मेल्याला?

मेल्याला कशाला, मलाच! त्या दिवशी शिबिराची फाइल शोधून काढली. मी तिच्यावर चहाचे कप ठेवत होते. शेवटचं पान उघडलं, ते सर्वांत महत्त्वाचं. 'कशासाठी हवं ते सांगून घ्या. लागेल तेवढंच घ्या. ज्यासाठी घेतलंत त्यालाच वापरा. काम झालं की पुसा. दुसऱ्याच्या कानावर घालू नका.' एवढंच. भज्यांची एक प्लेट मला केवढ्याला पडली बघा! आणि वर अळणीही होती.

पण आबांचं सांगत होते. उठताना ते म्हणाले, "आखितीला येनार हाय मी. कुसुम बी येनार. पोरांना काय बोंबलायचं त्ये बोंबलू द्यात. आता चोरून काय ऱ्हायलंय?"

मला केवढं हायसं वाटलं! "या ना आबा, नक्की या! मी स्वतः साडी काढून देईन. चहा काय, जेवायलाच..."

"न्हाई," आबांनी हात वर केला. "दुकान उगडं ठिवा. दत्तूभाऊ असू द्यात. तुमी तेवढं घरी थांबा."

थांबले. अक्षय तृतीया म्हणजे साड्यांच्या धंद्याचा वर्षातला मोठा दिवस, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही, आणि दुकानाची मालकीण घरी आमरसात रवी फिरवत बसलेली. बाकी सगळी कार्डं मी जाळली. एवढ्या डबाभर माहितीतून एकच तारीख माझ्याकडे उरली, आणि ती मी अगदी जबाबदारीने वापरते. दर वर्षी त्या दिवशी मी दुकानात जात नाही.

पहिल्या वर्षी संध्याकाळी दत्तूभाऊ किल्ल्या द्यायला आले. मी दारातच गाठलं.

"भाऊ, आले होते का आबा? कुसुम आली होती? बाळू-संपत काही आडवे आले नाहीत ना?"

"लय गर्दी व्हती, वैनी. ध्यान न्हाई."

"बरं, साडी तरी कुठली घेतली? हिरवीच का?"

दत्तूभाऊंनी किल्ल्या माझ्या हातावर ठेवल्या. "कंची साडी?" म्हणाले, आणि चपला घालून चालते झाले.