भिंतीवरची निंदणी

माझी माय कुठेही चार दिवसांच्या वर टिकत नाही. माझ्याकडे धुळ्याला आली की पाचव्या दिवशी तिला शिंदखेड्याची एसटी दिसायला लागते. शेळी व्यायली असेल, नळाला पाणी सुटलं असेल, शेजारणीनं लोणच्याची बरणी उघडी टाकली असेल. कारणांना तोटा नाही. कपड्यांची पिशवी तर ती कधी रिकामीच करत नाही. दाराच्या खुंटीला अडकवते, त्यातून एक लुगडं काढते, धुऊन वाळलं की घडी करून परत पिशवीत.

यंदा ती घरच्या ओट्यावरून पडली आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी मनाशी ठरवलं, आता हिला गावी एकटीला पाठवायचंच नाही. तिच्या तोंडावर तसं सांगायची माझी छाती नव्हती, म्हणून दुसरा रस्ता धरला. धुळ्यातल्या देवपूरच्या आमच्या घरातली मागची खोली अशी सजवायची, की म्हातारीचा पायच निघू नये.

मी शाळेत चित्रकला शिकवते. कॉलेजात असताना एका जाडजूड पुस्तकात फ्रान्समधल्या जुन्या विणलेल्या पडद्याचं चित्र बघितलं होतं. लाल जमीन, मध्ये भारी कपड्यांतली बाई, एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला एकशिंगी पांढरा घोडा, आणि उरलेल्या जागेत ससे, एक कुत्रं आणि हजारो फुलझाडं. जळगावच्या वॉलपेपरवाल्या भाऊंच्या कॅटलॉगमध्ये अगदी तोच, धाग्यांच्या विणीसकट छापलेला दिसला, तेव्हा मी दुकानातच ओरडले. भाऊ म्हणाले, "ताई, हे हॉटेलवाले नेतात." म्हटलं, मी मायसाठी नेते. खरं सांगू का, हौस सगळी माझीच होती.

दवाखान्यातून माय आली, पलंगावर टेकली, चष्मा पुसून भिंतीकडे बघितलं. मी शेजारी उभी, कौतुकाची वाट बघत.

"हाई काय शे वं?"

मी सांगायला लागले. फ्रान्स, श्रीमंतांचे महाल, विणकर, पाचशे वर्षं. तिनं कागदावरून बोट फिरवलं, धागा काही लागला नाही, तसं बोट झटकलं. मग म्हणाली, "बठ्ठं तणच शे!"

जन्मभर कपाशीत निंदणी केलेली बाई ती. तिला ना सिंह दिसला ना घोडा, सगळं तणच दिसलं. हा केना, ही दुधाणी, हे गाजरगवत, अशी तिनं भिंतभर बोटानं ओळखपरेड घेतली. शेवटी त्या मधल्या बाईवर आली. "इतलं तण वाढू दिधं, आनि हाई सिंगारीसन उभी!"

माझं डोकंच फिरलं. एवढ्या हौसेनं केलं आणि वर हे ऐकायचं! दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोलले.

पण पाचवा दिवस उजाडला आणि एसटीचं नाव निघालं नाही. दहावा गेला, पंधरावा गेला. मी मनातल्या मनात उड्या मारत होते. पाणीसुद्धा भरपूर प्यायची, उशाशी ठेवलेला तांब्या दिवसातून दोनदा रिकामा. डॉक्टरांनी पाणी पी म्हटलं होतं, म्हणून मी तिचं कौतुकही केलं. ती म्हणाली, "हा ना."

मग एकदा झाडताना पलंगाखाली कागदाचे हिरवे-लाल कपटे निघाले. म्हटलं, झालं, घरात उंदीर शिरला! मायला विचारलं तर गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "मोठा शे." मी पिंजरा आणला, त्यात भज्याचा तुकडा अडकवला. उंदीर काही सापडला नाही.

शनिवारी शाळा सकाळची. मी दुपारच्या आत घरी आले आणि दारातच थबकले. माय भिंतीकडे तोंड करून बसली होती. तांब्यातल्या पाण्यात बोटं बुडवायची, एका फुलझाडावर पाणी चोळायचं, जरा थांबायचं, आणि नखानं ते झाड अल्लाद, मुळासकट काढायचं. जमीन ओली केली की तण सोपं निघतं, हे तिला कोण शिकवणार?

"माय! अगं काय चालवलंयस हे?"

दचकली नाहीच. "मना हात गप बसतस का? तण ते तणच, कागदनं ऱ्हावो का वावरनं."

मी तोंडाला येईल ते बोलले. माझी भिंत, माझी हौस, माझी मेहनत, सगळं काढलं. ती ऐकून घेत होती आणि नख चालूच होतं. शेवटी शांतपणे म्हणाली, "निंदनी व्हयनी का मी जासू."

निंदणी झाली की ही गावी जाणार! मी भिंतीजवळ गेले. उशापासून पायथ्यापर्यंत, पलंगावर बसून हात पोचेल तेवढीच, उशा-गोधड्यांच्या आड तिनं हातभर रुंदीची पात धरली होती, वावरात बायका धरतात तशी सरळ. ससे शाबूत, कुत्रं शाबूत, त्या बाईच्या झग्याच्या काठाला ओरखडासुद्धा नाही. निम्मी पात साफ झाली होती. उरलेली झाडं मी मोजली. फार तर पंधरा दिवसांचं काम होतं.

खोलीबाहेर येऊन मी जळगावला फोन लावला. "भाऊ, तेच डिझाइन अजून आहे का?"

"का हो ताई, खराब निघालं का?"

"नाही हो, माल चांगला आहे. अजून लागेल."

चार दिवसांनी रोल आला. मी तो मुद्दाम मायसमोरच कपाटावर ठेवला. ती रोलकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मला तिच्या डोळ्याला डोळा देता येईना. माय, जाऊ नकोस, एवढे तीन शब्द मला आयुष्यात कधी जमले नाहीत.

"तण ते परत येसच," ती म्हणाली.

मग दाराकडे हात केला. "ती पिशवी धुवाले टाक."