उगवून न पाहिलेला बॅकअप

ऑफिसच्या ईमेलमधली स्पॅमची घाण गाळणारं, बंद पडलेलं यंत्र मांडीवर घेऊन मी लातूरहून बसनं नांदेडला दुरुस्तीला निघालो होतो. त्याच्या सेटिंगचा बॅकअप मी दर शुक्रवारी इमानानं घ्यायचो. पण पासवर्ड झाकायच्या हुशारीत फाइलमध्ये त्यांच्या जागी नुसत्या फुल्या उरल्या, आणि बदली मागवलेल्या नव्या यंत्रानं ती फाइल घेतलीच नाही; म्हणून जुनंच दुरुस्त करणं भाग होतं.

चाकूरला एक आजी शेजारी बसल्या. ओलं गोणपाट उलगडून त्या सोयाबीनच्या घरच्या बियाण्याचे कोंब बोटानं मोजू लागल्या. मी माझं दुःख सांगितलं.

“म्हंजे बी राखलंव, पन उगवून बघितलं न्हाई व्हय, बाबा?”

“नाही. पण प्रत्येक फाइलवर तारीख टाकलीय.”

आजींनी मला एकदा नीट न्याहाळलं आणि गोणपाट हळूच पलीकडच्या बाजूला सरकवलं.