एक पुस्तक, चार मास्तर

मास्तरांच्या अंगावर खडूची धूळ बसते ना, तसेच किस्सेही बसतात. झटकावेत तर शेजारच्याच्या अंगावर उडतात! माझ्या अंगावरचे बरेचसे त्या एका पुस्तकापायी बसलेत.

आम्ही चौघं शिरूर तालुक्यातले प्राथमिक शाळेचे मास्तर. तळेगाव ढमढेऱ्याचे पवार, न्हावऱ्याचे शेखगुरुजी, जगताप आणि सगळ्यांत लहान मी. चौघंही सातवीची फायनल पास, पण मॅट्रिकला घोडं अडलेलं. इंग्रजीत, आणि त्यातही त्या मेल्या इडियम्समध्ये, म्हणजे वाक्प्रचारांत!

पुण्याहून इडियम्सचं एक पातळ पुस्तक आणलं. पवारांनी ब्लेड काढलं आणि सरळ चार तुकडे केले. बाजारादिवशी शाळेला सुट्टी असायची; तेव्हा तळेगावात चहाच्या हॉटेलात जमून तुकडे बदलायचे, असं ठरलं. नुसतं ठरलंच! पाठ झाल्याशिवाय आपला तुकडा सोडतोय कोण?

*

पवारांकडं 'आर'पासून पुढची अक्षरं. एकदा शाळा तपासायला दिपोटीसाहेब आले. पवार दारातच ओरडले, "रेड लेटर डे, सर!" म्हणजे सोन्याचा दिवस.

साहेब खूश. आत येऊन म्हणाले, "मुलं कमी का?"

"रेनी डे, सर!"

बाहेर रणरणतं ऊन! साहेबांनी एकदा खिडकीबाहेर पाहिलं, एकदा पवारांकडं. मग शेरा लिहिला, 'शिक्षकाचे इंग्रजी उत्तम.' साहेबांचं इंग्रजी कितपत होतं, ते आम्ही कधी विचारलं नाही.

*

ब्लेड नेमकं एका इडियमच्या मधून गेलं होतं. माझ्या शेवटच्या ओळीत 'ड्रॉ द लाइन', आणि त्याचा अर्थ जगतापांच्या पहिल्या ओळीत. दोन महिने मी अर्थाशिवाय इडियम घोकला, आणि त्यांनी इडियमशिवाय अर्थ!

"मर्यादा घालणे," जगताप डोळे मिटून म्हणायचे.

"कशाला?" पवार विचारायचे.

"ते छापलेलं नाही!"

शेवटी शेखगुरुजींनीच दोन्ही पानं एकमेकांना लावून दाखवली. "आवो, शेजारी बसून चहा पिता, एकमेकाला इचारायचं तरी!"

*

शेखगुरुजींची ही तिसरी खेप. मॅट्रिक झाले तर हेडमास्तर. नाहीतर त्यांच्याच वर्गात शिकलेला पोरगा हेडमास्तर होऊन त्यांच्या डोक्यावर येणार. "ह्या टायमाला न्हाई जमलं, तर पुन्यांदा फारम भरायचा न्हाई," म्हणायचे.

फार शांत माणूस. छडी कधी हातात घेतली नाही. पोरगं चुकलं की एकच शिक्षा, "जा, तीन येळा लिहून आण."

परीक्षेला दीड महिना उरला. मी सायकलवर त्यांच्या घरी गेलो आणि माझा तुकडा पुढं ठेवला. "मला पाठ झालाय, गुरुजी. तुम्हीच ठेवा." धादांत खोटं! त्यांनी तुकडा घेतला, माझ्याकडं बघितलं आणि चहा सांगितला.

परीक्षेच्या दिवशी सकाळी शिरूरच्या एसटी स्टँडवर पवार म्हणाले, "तुझा तुकडा दे, जरा चाळतो."

"शेखगुरुजींना दिला."

"अरे, मीपण!"

जगताप म्हणाले, "मी तर आधीच देऊन बसलोय!"

तेवढ्यात गुरुजी आले. बगलेत तीन वह्या. एकेकाच्या हातात एकेक ठेवली. उघडून बघतो तर अख्खं पुस्तक, पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्यांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात! जगतापांनी आधी 'ड्रॉ द लाइन' शोधलं. अर्थ शेजारीच होता.

"म्हटलं, तुमी समदे मला देऊन बसला, तुमास्नी काय ऱ्हायलं? कालच तिसरी वही पुरी झाली."

"आणि तुमचा अभ्यास, गुरुजी?" मी विचारलं.

"न्हाई झाला. येळच कुठं मिळाला?"

एसटीत आम्ही तिघं वही उघडून बसलो. एक ओळ दिसेल तर शपथ.

निकाल लागला. आम्ही तिघंही इंग्रजीत आडवे. शेखगुरुजी पास!

पुढच्या बाजारादिवशी हॉटेलात पवारांनी वही टेबलावर आपटली. "हे कसं काय हो, गुरुजी? आता आम्ही काय करायचं, सांगा!"

नव्या हेडमास्तरांनी बशीतला चहा संपवला आणि वही पवारांकडं सरकवली.

"जावा, तीन येळा लिहून आणा."