डब्यांखालचं अंतराळयान

जगात छापील कागद दोनच प्रकारचा असतो: माझ्या मोठ्या वहिनींनी वाचलेला आणि अजून त्यांच्या हाती न लागलेला. वाण्याकडून शेंगदाण्याची पुडी आली की आमच्या घरात आधी पुडी वाचली जायची, शेंगदाणे मागाहून. औषधाच्या खोक्यातली बारीक अक्षरांची चिठ्ठी त्या दोन्ही बाजूंनी वाचत आणि मगच गोळी घेत. पुष्कळदा तेवढ्या वेळात डोकं दुखायचं थांबलेलं असे. एकदा गुळाच्या कागदावर कुठल्याशा गाइडमधलं गणित आलं आणि त्याचं उत्तर चुकीचं होतं. दुसऱ्या दिवशी वहिनी पालघरच्या भर बाजारात वाण्यापुढे उभ्या. "गूळ खराब निघाला का बाई?" त्यानं घाबरून विचारलं. "गूळ उत्तम आहे. हौदाचं गणित चुकलंय," असं म्हणून त्या गाइडची उरलेली सगळी पानं त्यांनी ताब्यात घेतली, म्हणजे निदान आणखी कुणाच्या घरी तो चुकीचा हौद जायला नको.

वहिनी बोईसरजवळच्या एका शाळेत गणित शिकवत. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, पोस्टात होता आणि मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत. आमच्या मुंबईच्या ऑफिसात खोलीभर पसरलेला एक कॉम्प्युटर होता आणि तिथला एक मित्र मला त्याच्या रद्दी कागदांचे गठ्ठे द्यायचा. रुंद, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचे, कडेला भोकं असलेले. त्या काळी असा कागद स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरायला फार छान समजला जायचा. एका रविवारी मी मोठ्या कौतुकानं तो डब्यांखाली घातला. तासाभरानं पाहतो तर सगळे डबे जमिनीवर, आणि वहिनी स्टुलावर चढून, मान वाकडी करून वरची फळी वाचताहेत.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "ह्या डाळींच्या फळीवर युद्ध चाललंय. शेवट कुठे आहे?"

शेवट मसाल्यांखाली निघाला, हळदीचा डाग पडलेला. मित्राला विचारल्यावर त्यानं लाजत कबूल केलं, की तो एक खेळ होता. साहेब नसले की कॉम्प्युटरवरची मंडळी खेळत. चित्रं नाहीत, आवाज नाही, नुसती अक्षरं आणि आकडे. आठ रांगा, आठ घरं. त्यात आपलं यान, शत्रूची यानं आणि तारे. आपण आकडे टाइप करून यान हलवायचं आणि इंधन संपायच्या आत शत्रू संपवायचे. प्रोग्रॅम फोरट्रान नावाच्या भाषेत लिहिलेला होता. वहिनींनी ते सगळे कागद फळ्यांवरून काढून नीट क्रमानं लावले, आणि आमचे डबे पुन्हा वर्तमानपत्रावर आले.

यामागे एक कारण होतं. त्यांच्या शाळेला सरकारी योजनेतून एक छोटा कॉम्प्युटर मिळाला होता: कीबोर्ड, टीव्हीसारखा पडदा आणि प्रोग्रॅम साठवायला गाणी ऐकायचा असतो तसा टेपरेकॉर्डर. मुख्याध्यापकांनी तो इस्त्री केलेलं कव्हर घालून कपाटात बंद केला होता. दसऱ्याला बाहेर काढून त्याला हार घालत, आणि पुन्हा कुलूप. आता वरच्या ऑफिसातून पत्र आलं होतं, की जिथं यंत्र वापरात नसेल तिथून ते दुसऱ्या शाळेला देण्यात येईल. दिवाळीनंतर साहेब पाहायला येतील. मुख्याध्यापकांना सुटल्यासारखं झालं. वहिनींना मात्र जेवण जाईना. "समोरच्या कपाटात आहे आणि मी अजून त्याला एक प्रश्नही विचारलेला नाही," त्या म्हणत. कपाटाची किल्ली मागून मागून त्यांनी मुख्याध्यापकांना इतकं जेरीस आणलं, की शेवटी त्यांनी ती वहिनींकडेच ठेवायला दिली.

पण त्या यंत्राला बेसिक ही एकच भाषा येत होती. मग फोरट्रानचं एक पुस्तक मी मित्राकडून आणलं, बेसिकचं यंत्रासोबत आलेलं होतंच, आणि वहिनींनी ती दोन्ही शेजारी शेजारी ठेवून तो खेळ एकेक ओळ करत उतरवायला घेतला. भाजी निवडताना एक ओळ, कुकरची शिटी होईपर्यंत दुसरी. हळदीत बुडालेल्या सहा ओळी त्यांनी स्वतःच्या मनानं लिहिल्या. यंत्रावर देवनागरी नव्हती, म्हणून रोमन अक्षरांत मराठी सूचना घातल्या. शत्रू हा शब्द त्यांना फार कठोर वाटला, तेव्हा त्याचे चाचे झाले. शाळा सुटल्यावर त्या टाइप करत बसत. टेपवर साठवायच्या आत वीज गेली की सगळं पुसलं जाई, आणि दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा पहिल्यापासून, न चिडता, जणू काल विरजण लागलं नाही, आज पुन्हा लावू.

अखेर प्रोग्रॅम चालला, पण चाचे मरेनात. नेम बरोबर, कोन बरोबर, आणि तोफेचा गोळा दर वेळी रिकाम्या जागेतून निघून जाई. तीन आठवडे वहिनींनी ओळ न् ओळ तपासली. दादा एकदा म्हणाला, "अगं, खेळच तो. राहू दे." त्यावर त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो मुकाट्यानं उठून कपडे वाळत घालायला गेला.

साहेब यायला चार दिवस उरले, तेव्हा वहिनींनी शाळेच्या मैदानावर फक्कीनं आठ रांगा आणि आठ घरं आखून घेतली. स्टाफरूममधल्या सगळ्यांना त्यांनी बाहेर काढलं. चित्रकलेच्या बाई तारा झाल्या, पीटीचे सर चाचा झाले, आणि आमचं यान म्हणून शाळेतल्या शिपाई मावशी, शिरगावच्या कोळीण. त्या दिवशी मी सुट्टी घेऊन मुद्दाम गेलो होतो, त्यामुळे मलाही एक तारा व्हावं लागलं. "मी यंत्र आहे," वहिनींनी जाहीर केलं. "मी वाचीन तसंच करायचं. डोकं चालवायचं नाही." आणि त्या हातातल्या कागदावरून वाचू लागल्या. "सात भागिले दोन, साडेतीन. मावशी, रांग साडेतीन, घर दोन."

मावशी दोन पावलं चालल्या आणि थांबल्या. "बाय, साडेतीन रांग खय हाय? एक पाय इकडं न् एक पाय तिकडं ठेवू काय? आशी मी उबी ऱ्हायली तर मना कोन बी गाठायचा नाय."

मैदान हसलं. वहिनी हसल्या नाहीत. कागद छातीशी धरून, साडीच्या निऱ्या सावरत त्या कॉम्प्युटरच्या खोलीकडे चक्क पळाल्या. आम्ही तारे जागच्या जागी उन्हात उभे.

झालं होतं असं, की फोरट्रानमध्ये ज्या संख्येचं नाव ठराविक अक्षरांनी सुरू होतं, तिला अपूर्णांक चालतच नाही. सातला दोननं भागलं की तीन, उरलेला अर्धा गेला. हे त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं, कारण तिथं ते सगळ्यांना ठाऊकच असतं. बेसिक मात्र तो अर्धा जपून ठेवत होतं, आणि यानं दोन घरांच्या मधोमध जाऊन बसत होती, म्हणून घरावर नेम धरलेला गोळा रिकामा जात होता. "प्रत्येक घरात अशा गोष्टी असतात, भाऊजी," वहिनी मला म्हणाल्या, "कुणी सांगत नाही, आणि नव्या सुनेनं आपल्या आपण ओळखायच्या असतात. मला वेळ लागला, एवढंच."

साहेब आले. हातात फॉर्म, तोंडावर घाई. वहिनींनी त्यांना खुर्ची दिली आणि एकच खेळी खेळून पाहा म्हणाल्या. पहिलं यान त्यांनी सरळ ताऱ्यावर आदळलं. दुसऱ्याचं इंधन संपलं. तिसऱ्या वेळी मावशी मागून म्हणाल्या, "सायेब, आदी दोन घरं मागं व्हा," आणि साहेब झाले. शेवटचा चाचा पडला तेव्हा साहेबांची परतीची डहाणूची गाडी केव्हाच वाणगाव ओलांडून गेली होती. फॉर्मवर त्यांनी लिहिलं, 'यंत्र उत्तम वापरात आहे', आणि तो खेळ टेपवर उतरवून मिळेल का, असं हळूच विचारलं. कॉम्प्युटर शाळेतच राहिला. पुढे कित्येक वर्षं त्या शाळेतली मुलं कोन आणि आलेख वहीआधी त्या पडद्यावर शिकली.

एकोणीसशे नव्वदनंतर वहिनी निवृत्त झाल्या, आणि वर्षभरातच दादा गेला. अचानक, पोस्टातून पेन्शन घेऊन घरी येता येता. आम्ही बोलत राहायचो, वहिनी नुसती मान हलवत राहायच्या. मग एका सकाळी चहा देताना म्हणाल्या, "भाऊजी, सी भाषेचं पुस्तक मिळेल का?" दादाच्या मुलानं नोकरीला लागल्यावर एक जुना कॉम्प्युटर घरी आणला होता. त्यावर त्यांनी तोच खेळ आता तिसऱ्या भाषेत उतरवायला घेतला. काम पुरं झालं तेव्हा मला हाक मारून समोर बसवलं. मी पहिल्यापासून या खेळात कच्चा. माझं इंधन नेहमीप्रमाणे संपलं. आता खेळ संपला म्हणून मी उठणार, तर पडद्यावर अक्षरं आली, 'थांबा. मदत येत आहे.'

"हे मूळ कागदावर नव्हतं," मी म्हणालो.

"नव्हतं. तेव्हा मी जसंच्या तसं उतरवलं." वहिनी खिडकीबाहेर पाहत होत्या. "पण मावशींच्या शिरगावच्या किनाऱ्यावर इतकी वर्षं बघतेय. इंजिन बंद पडलेल्या होडीला दुसरी होडी दोर टाकते आणि ओढून आणते. मग तिथं वरती कुणीच येत नाही, हे मला काही पटलं नाही."

"किती वेळ थांबायचं?"

"ते मी ठरवलेलं नाही. यंत्र ठरवतं. कधी कुणी लगेच येतं, कधी फार वेळ लागतो." त्यांनी खुर्ची माझ्याशेजारी ओढली. "पण येतं."

आणि आम्ही दोघं पडद्याकडे पाहत बसून राहिलो.