तिसरी घंटा

छावणीतल्या मराठी ख्रिस्ती देवळाची घंटा दर रविवारी तीनदा व्हायची. साडेआठला पहिली, मंडळींनी अंघोळी उरकाव्यात म्हणून. पावणेनऊला दुसरी, बायकांनी आरशासमोरून हलावं आणि पुरुषांनी आणखी एक कप चहा मागू नये म्हणून. तिसरी नऊच्या ठोक्याला. तिचा नाद हवेत विरतो न विरतो तोच बाबूराव रणभिसे देवळाचं दार ओढून घेत आणि आतून कडी घालत. मागे राहिलेल्यांनी व्हरांड्यात उभं राहून खिडकीतून उपदेश ऐकायचा. चिंतामण कंपाउंडर गेली अकरा वर्षं तसाच ऐकत आला होता. खिडकीतून ऐकलेला उपदेश हवा खेळती असल्यामुळे जास्त पचतो, असं त्याचं म्हणणं होतं.

बाबूराव मूळचे नगरकडचे. इंदूरला एका कापड मिलमध्ये त्यांनी एकतीस वर्षं फाटकावर टाइमकीपर म्हणून काढली. भोंगा झाला की फाटक बंद. मग बाहेर कामगारांवरचा मुकादम, जॉबर असो, नाहीतर त्यांचा सख्खा मेहुणा. (एकदा मेहुणा होताच. त्याच्या घरचं जेवण बाबूरावांना पुढे दोन वर्षं मिळालं नाही.) माणूस कठोर नव्हता. आजारी कामगाराच्या घरी ते स्वतः डबा घेऊन जात. पण सुट्टी झाल्यावर. रिटायर झाले तेव्हा मिलने त्यांना खिशातलं घड्याळ दिलं. ते त्यांच्या जुन्या घड्याळापेक्षा रोज दीड मिनिट मागे पडायचं, म्हणून बाबूरावांनी ते ट्रंकेत टाकलं आणि जुनंच वापरात ठेवलं. मंडळीने त्यांना ‘वडील’, म्हणजे देवळाचे कारभारी, नेमून घंटा आणि दार हवाली केलं, तेव्हा त्यांना वाटलं की आपली फक्त बदली झाली आहे, मालक तेवढा मोठा मिळाला आहे.

त्यामुळे नाताळाआधीच्या चार रविवारांचा आगमनकाळ हा त्यांचा खास काळ. प्रभू येणार, केव्हा येणार ते ठाऊक नाही, तयार राहा. यात समजावून सांगण्यासारखं काय आहे, हेच बाबूरावांना कळत नसे. मिलमध्ये मोठे साहेब राउंडला यायचे ते काय सांगून यायचे? दहा कुमारींचा दाखला त्यांचा सर्वांत आवडता. पाच जणींच्या दिव्यात तेल होतं, पाच जणींच्या नव्हतं, आणि उशिरा आलेल्या पाचजणींना दार बंद मिळालं. वाचनात ते दार लागलं की बाबूराव मान डोलवत. दार लावणारा कोण होता याचा दाखल्यात उल्लेख नाही. पण तो कामात चोख होता, हे त्यांना मान्य होतं.

चौपन्न सालच्या आगमनकाळात पाळक श्रीपाद साळवे यांनी ‘वाट पाहणे’ या विषयावर ओळीने चार उपदेश जाहीर केले. पहिल्या रविवारी त्यांनी विचारलं, “आपण जागे आहोत का?” पुढच्या तीन बाकांवरून उत्तर आलं नाही, कारण तिथले लोक झोपले होते. बाबूरावांनी मात्र प्रश्न मनावर घेतला. पुढच्या रविवारी देवळाच्या व्हरांड्यात एक फळा आला. मिलमध्ये हजेरीची कार्डं सुरू झाल्यावर पितळेचे जुने बिल्ले निकालात निघाले होते. बाबूरावांनी साहेबांकडून त्यांची पिशवी मागून आणली होती. मंडळीची घरं शेहेचाळीस, म्हणून एक ते शेहेचाळीस बिल्ले. देवळात आल्याबरोबर आपल्या घराचा बिल्ला डावीकडच्या खिळ्यावरून काढायचा आणि उजवीकडे लावायचा. तिसरी घंटा झाली की फळ्याला कुलूप. उजवीकडे असतील ते तयार, डावीकडे असतील ते बेसावध.

“बाबूरावजी, देवाला आपले नंबर माहीत असतील ना?” चिंतामण म्हणाला. “का त्याला पण रजिस्टर दाखवावं लागतं?”

“तुझा एकोणीस. विसरू नको.”

“भिया,” चिंतामणने इंदुरी हाक दिली, “मी विसरतो कुठे? मी फक्त लेट होतो.”

मंडळीत निम्मी घरं मिलवाल्यांची होती, हे बाबूराव हिशेबात धरायला विसरले. पहिल्याच दिवशी लोकांनी मिलमधली जुनी तोड काढली. जो वेळेवर येईल त्याने शेजाऱ्यांचेही बिल्ले सरकवायचे. त्या दिवशी फळ्यावर एकेचाळीस घरं तयार होती आणि बाकांवर एकोणीस. पाळकांना फळा फार आवडला. वर्षाच्या अहवालात त्यांनी एकेचाळीसचा आकडा घातला, आणि बाकं मोजण्याचं त्यात काही कारण नव्हतं.

तिसऱ्या रविवारी सकाळी इंदुमतीबाईंनी, म्हणजे बाबूरावांच्या पत्नीने, फळ्यापाशी उभं राहून विचारलं, “मंजिरीचा बिल्ला कुठे आहे?”

“लग्न झालेली मुलगी सासरच्या घरात धरतात.”

“तिच्या सासरी देऊळ आहे का?”

बाबूरावांनी घड्याळ पाहिलं.

मंजिरी ही त्यांची एकुलती एक मुलगी. ती सरकारी कचेरीत टायपिस्ट होती. तिथल्याच लक्ष्मीकांत नावाच्या कारकुनाशी तिचं जमलं. मुलगा मराठीच, पण हिंदू. बाबूराव आरडाओरडा करणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी शांतपणे सांगितलं, “रविवारी त्याला घेऊन देवळात ये. उपासनेनंतर पाळकांसमोर बोलू. तिसऱ्या घंटेच्या आत ये.” ही एक्कावन्न सालच्या मे महिन्यातली गोष्ट. वाटेत लक्ष्मीकांतच्या सायकलची साखळी उतरली. काळ्या झालेल्या हातांनी तो आणि घामेजलेली मंजिरी देवळाच्या पायऱ्या चढले, तेव्हा नऊ वाजून चार मिनिटं झाली होती. मंजिरीने दार वाजवलं, पुन्हा वाजवलं. आत, दारापासून दोन हातांवर, बाबूराव उभे होते. कडीवर त्यांचा हात होता आणि नजर घड्याळावर. पायरीवर अर्धा तास बसून दोघं गेली. पुढच्या आठवड्यात त्यांनी कोर्टात लग्न केलं.

मध्यभारत राज्याचं सरकार तेव्हा उन्हाळ्यात इंदूरला असायचं आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला. फायलींच्या पेट्या गेल्या की लक्ष्मीकांत जायचा, आणि त्याच्याबरोबर मंजिरी. म्हणजे वर्षातले सहा महिने मुलगी ग्वाल्हेरला, आणि सहा महिने दीड मैलावर; बाबूरावांना दोन्ही अंतरं सारखीच. इंदुमतीबाई राजवाड्याकडे भाजी आणायला जात. हिवाळ्यात त्या भाजीला चाळीस मिनिटं लागत, उन्हाळ्यात एक तास दहा. एकतीस वर्षं फाटकावर बसलेल्या माणसाला यातलं काय कळायचं राहिलं होतं? पण बाबूरावांनी त्या अर्ध्या तासाबद्दल कधी विचारलं नाही. त्यांनी माफ केलेला तेवढाच एक उशीर.

तिसऱ्या रविवारनंतर बुधवारी ग्वाल्हेरहून पत्र आलं. बाबूराव भिंतीवरच्या घड्याळाला चावी देत होते.

“वाचते, ऐका,” इंदुमतीबाई म्हणाल्या. “‘आई, आम्ही तिघं येतोय. बाळ सात महिन्यांचं झालं. रविवारी सकाळी उज्जैनच्या गाडीने पोचू, पावणेआठला. स्टेशनवरून थेट देवळात येते. बाबांना सांग, या वेळी आम्ही वेळेत आहोत. दार उघडं मिळालं तर घरी येईन. नाही मिळालं तर दुपारच्या गाडीने परत, आणि मग तू मला पुन्हा बोलावू नको.’”

चावी फिरायची थांबली.

“पावणेआठ,” बाबूराव म्हणाले. “म्हणजे सव्वा तास हातात. पुष्कळ आहे.”

“आणि गाडी लेट झाली तर?”

“सव्वा तास?”

“आपल्याकडची गाडी आहे ती. तुमचा भोंगा नाही.”

रविवारी बाबूराव सात वाजताच देवळात पोचले. त्यांनी व्हरांडा स्वतः झाडला. पहिली घंटा दिली, दुसरी दिली. रस्त्यावर टांगे येत होते, सगळे दुसऱ्यांचे. मंडळी आत जाऊन बसली. पाळकांच्या उपदेशाचा चौथा भाग होता, ‘प्रतीक्षा हीच उपासना’. घड्याळात नऊला एक मिनिट कमी असताना बाबूरावांनी दोर हातात घेतला.

आणि तसेच उभे राहिले.

घंटा देऊन दार उघडं ठेवता आलं असतं. इतर कुणीही तेच केलं असतं. पण घंटेनंतर एकदा दार उघडं राहू शकतं असं ठरलं, तर त्या मे महिन्यातही ते राहू शकलं असतं. मग त्या चार मिनिटांचं काय करायचं? बाबूरावांना हे झेपणारं नव्हतं. नियम मोडायचा नाही. पण घंटाच झाली नाही तर नियम कुठे मोडतो? मिलमध्ये असली पळवाट काढणाऱ्या दोघांना त्यांनी स्वतः साहेबांपुढे उभं केलं होतं.

नऊ वाजून दहा मिनिटांनी आत खोकले सुरू झाले. सव्वानऊला पेटीवाल्याने उगाच दोन सूर वाजवून पाहिले. त्यानंतर पाळक श्रीपाद साळवे स्वतः झगा सावरत बाहेर आले. त्यांना अकराला छावणीतल्या एका इंजिनिअरकडे जेवायला जायचं होतं, आणि तिथलं कोंबडं वेळेवर शिजतं अशी ख्याती होती.

“बाबूराव, घंटा वाजवा! लोक वाट पाहताहेत!”

“पाहू द्या ना, साळवेसाहेब.”

“अहो, किती वेळ?”

“तुम्हीच गेले तीन रविवार सांगताय. चौथाही त्याचाच आहे ना?”

पाळकांनी खाली पाहिलं. ‘प्रतीक्षा हीच उपासना’ची बारा पानं त्यांच्या हातात होती. ती हातात धरून चिडणं त्यांनाही जमेना.

नऊ पंचवीसला चिंतामण कंपाउंडर नेहमीप्रमाणे सायकल टेकवून खिडकीकडे निघाला. दार उघडं पाहून तो थबकला. मग फळ्याकडे गेला आणि पाहिलं, तर कुलूप नव्हतं.

“तिसरी झाली नाही?”

“नाही.”

“म्हणजे मी टाइमवर?” चिंतामणने एकोणीस नंबरचा बिल्ला दोन्ही हातांनी, जणू मुंडावळ्या बांधतोय अशा थाटात, उजवीकडे लावला. “साळवेसाहेब, बघून ठेवा. अहवालात घाला.” मग बाबूरावांचा चेहरा पाहून त्याचा आवाज उतरला. “मी स्टेशनाकडूनच आलो, बाबूरावजी. उज्जैनची गाडी लेट होती. आत्ता लागली. टांग्याला दहा मिनिटं धरा.”

त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. पण छावणीत कुणाच्या घरी ग्वाल्हेरचं पत्र आलं, हे पोस्टमनइतकंच कंपाउंडरलाही ठाऊक असतं.

दहा मिनिटं. उभ्या आयुष्यात बाबूरावांनी दुसऱ्यांच्या उशिराची मिनिटं मोजली होती. स्वतः कुणासाठी थांबलेल्या माणसाचं मिनिट केवढं मोठं असतं, हे त्यांच्या घड्याळाने त्यांना कधी दाखवलं नव्हतं. मंजिरी आणि लक्ष्मीकांतने पायरीवर अर्धा तास काढला होता. अर्धा तास! दोर धरलेला हात भरून आला, तेव्हा त्यांनी तो बदलला, सोडला नाही.

इंदुमतीबाई आतून येऊन त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. मुठीत काहीतरी होतं, ते त्यांनी नवऱ्याच्या कोटाच्या खिशात टाकलं आणि रस्त्याकडे पाहू लागल्या.

टांगा वळणावर दिसला. तो पूर्ण थांबायच्या आधीच लक्ष्मीकांतने खाली उडी मारली. मंजिरी बाळाला घेऊन जवळजवळ धावतच पायऱ्यांपर्यंत आली, आणि तळाच्या पायरीवर थांबली. वर दार होतं. दारात बाबा होते. केस पांढरे झाले होते.

“बाबा, गाडी उज्जैनलाच थांबून राहिली…” तिला दम लागला होता. “किती वाजले?”

घड्याळात नऊ वाजून छत्तीस मिनिटं झाली होती. बाबूरावांनी ते उघडलं, नीट पाहिलं, मिटलं.

“नऊ व्हायचेत,” ते म्हणाले. “वर या. तिसरी घंटा अजून झाली नाही.”

व्हरांड्यात चिंतामणला जोराचा खोकला आला. पाळकांनी मान वळवून भिंतीवरच्या फळ्याकडे पाहिलं. मंजिरी पायऱ्या चढली. लक्ष्मीकांत मागे होता. या वेळी त्याचे हात स्वच्छ होते, तरी दाराशी आल्यावर त्याने ते धोतराला पुसले.

“बावा,” बाबूराव जावयाला म्हणाले, “साखळी बदलली का सायकलची?”

“तेव्हाच बदलली, बाबा.”

एवढंच. मग त्यांनी तिसरी घंटा दिली. ती इतका वेळ वाजत राहिली की आग लागली की काय म्हणून समोरचा पानवाला रस्त्यावर येऊन उभा राहिला.

पाळक वेदीवर गेले. प्रार्थना झाली, गीत झालं, उपदेशाचं पहिलं पान उलटलं. डिसेंबरचा वारा उघड्या दारातून सरळ आत शिरला आणि बारापैकी पाच पानं घेऊन गेला.

“दार लावा कुणीतरी,” पाळक पानांमागे वाकत म्हणाले.

कुणी उठलं नाही. ज्याचं ते काम होतं तो माणूस पहिल्यांदाच शेवटच्या बाकावर बसला होता, नातवाला मांडीवर घेऊन. इंदुमतीबाईंनी खिशात टाकलेला सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला नातवाने आजोबांच्या खिशातून काढला होता, आणि फळ्यावर लावायच्या ऐवजी तो मन लावून चघळत होता.